'विकत घ्या' म्हणजे नेमकं काय घ्या?



टीव्हीवर किंवा मोबाइलवर एखाद्या सिनेमाच्या नावाखाली तुम्ही दोन बटणं पाहिली असतील. एकावर लिहिलेलं असतं 'भाड्याने घ्या', दुसऱ्यावर 'विकत घ्या'. समजा पहिल्याची किंमत १२० रुपये आहे आणि दुसऱ्याची ४९० रुपये. शिवाय आपल्या दोन-तीन ठिकाणच्या वर्गण्या चालूच असतात, त्या वेगळ्या. घरात बसून सिनेमा पाहण्याचे हे तीन रस्ते झाले: भाडं, वर्गणी आणि खरेदी. तिन्हीकडे आपले पैसे जातात. पण त्या पैशांच्या बदल्यात आपल्याला काय मिळालं, असं कुणी विचारलं तर बहुतेक जण 'सिनेमा' असं उत्तर देतील. ते उत्तर पुरेसं नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी सिनेमाचा समीक्षक नाही. मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. काही वर्षं मुंबईत, बाकी गुजरातेत. आता निवृत्त होऊन बडोद्याला असतो. लोकांची घरांची कागदपत्रं वाचणं हे माझं रोजचं काम होतं. त्या कामात माणूस एक गोष्ट लवकर शिकतो. ताबा वेगळा आणि मालकी वेगळी. घराची किल्ली खिशात आहे म्हणजे घर तुमचं आहे असं नाही. तर हीच सवय मी सिनेमाच्या बटणांना लावून पाहिली.

आधी थोडं मागे जाऊ. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर आला. तेव्हा व्हीसीआर विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. म्हणून आपण काय करायचो? एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचो, बरोबर तीन कॅसेटी. आळीतली पंधरा-वीस माणसं एका खोलीत. तिसरी कॅसेट संपेपर्यंत पहाट व्हायची, कारण सकाळी दहाला सगळं परत द्यायचं असे. हा व्यवहार अगदी स्वच्छ होता. वस्तू दुकानदाराची, वापर आपला, मुदत एका रात्रीची. कुणाच्या मनात गोंधळ नव्हता.

पुढे सीडी आली, डीव्हीडी आली. २००६-०७ च्या आसपास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या, तेव्हा सामान्य घरांत पहिल्यांदा सिनेमाचा साठा व्हायला लागला. एक सिनेमा दोन किंवा तीन व्हीसीडींवर असायचा आणि मध्येच उठून चकती बदलावी लागायची, हे आठवत असेल. तर ती २८ रुपयांची चकती तुमच्या मालकीची होती. म्हणजे त्यातल्या सिनेमाचे हक्क तुमचे नव्हते. तुम्ही तिच्या प्रती काढून विकू शकत नव्हता. व्यापार म्हणून ती भाड्याने द्यायची तरी हक्कधारकाची परवानगी लागायची. वॉर्नर ब्रदर्सने चेन्नईतल्या एका डीव्हीडी लायब्ररीविरुद्ध दावा लावला होता. अमेरिकेत रीतसर विकत घेऊन आणलेल्या डीव्हीडीसुद्धा इथे परवानगीशिवाय भाड्याने देता येणार नाहीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. पण ती प्रत, ती चकती, ही वस्तू तुमची होती. बहिणीला द्या, शेजाऱ्याला द्या, पन्नास वेळा पाहा, माळ्यावर टाका. कंपनी बुडाली तरी चकती चालायची. आज मोझर बेअरचा तो धंदा राहिलेला नाही, पण माझ्याकडच्या त्यांच्या डीव्हीडी अजून लागतात.

आता 'विकत घ्या' या बटणाकडे येऊ. ते दाबण्याआधी आपण एका लांबलचक करारावर 'मान्य आहे' म्हणून टिचकी मारलेली असते. तो करार मी वाचला. एका मंचाचा नाही, तीन-चार मंचांचे वाचले. भाषा थोडी वेगवेगळी, पण सार एकच. तुम्हाला सिनेमा पाहण्याचा परवाना दिला आहे. तो फक्त तुमच्यासाठी आहे, तो दुसऱ्याला देता येत नाही, घरगुती वापरापुरताच आहे आणि ज्याच्याकडून आम्ही सिनेमा घेतला त्याच्याशी आमचा करार संपला किंवा बदलला तर सिनेमा उपलब्ध राहीलच असं नाही. म्हणजे बटणावर शब्द आहे खरेदीचा, आणि कागद आहे परवान्याचा.

मुंबईत राहिलेल्यांना यासाठी एक ओळखीचा शब्द आहे, पागडी. पागडीच्या घरात सुरुवातीला मोठी रक्कम एकदम द्यायची, मग दरमहा किरकोळ भाडं. माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतो, 'आमचं घर' म्हणतो, पण मालक वेगळाच असतो. डिजिटल खरेदी पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा पागडी आठवली. पण पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की पागडी यापेक्षा पुष्कळ बरी. पागडीच्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पागडीला मान्यता आहे. घरमालकाला त्याचा वाटा देऊन घर दुसऱ्याच्या नावावर करता येतं. बाप गेला तर बरोबर राहणाऱ्या घरच्या माणसांना जागेवर हक्क सांगता येतो. डिजिटल सिनेमाच्या बाबतीत यातलं काहीच नाही.

मी हे उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. घडलेल्या चार गोष्टी सांगतो.

२००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून दोन पुस्तकं परस्पर काढून घेतली. ज्या प्रकाशकाने ती तिथे ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले. योगायोग असा, की ती पुस्तकं जॉर्ज ऑर्वेलची होती, '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'. गवगवा झाल्यावर कंपनीने माफी मागितली.

दुसरी गोष्ट अल्ट्राव्हायोलेटची. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये ही योजना आणली. डिस्क विकत घ्या, तिच्यातला संकेतांक टाका, की तो सिनेमा तुमच्या 'कपाटात' कायमचा. ३१ जुलै २०१९ ला ते कपाटच बंद झालं. ज्यांनी आपली खाती वेळेत दुसऱ्या दुकानांशी जोडली होती त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले, बाकीच्यांना धावपळ करावी लागली.

तिसरी सोनीची. प्लेस्टेशनच्या दुकानात लोकांनी डिस्कव्हरीच्या मालिका पैसे देऊन 'विकत' घेतल्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने कळवलं, की परवान्याच्या व्यवस्थेमुळे त्या ३१ डिसेंबरपासून तुमच्या खात्यातून जातील. ओरड झाली, नवा करार झाला आणि मालिका राहिल्या. पण त्या राहिल्या त्या ग्राहकाच्या हक्कामुळे नव्हेत, दोन कंपन्यांनी पुन्हा सही केली म्हणून. त्याआधी २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांचे स्टुडिओ कनाल या कंपनीचे सिनेमे असेच गेले होते, तेव्हा अशी सही झाली नाही.

आणि चौथी गोष्ट कायद्याची. या सगळ्या तक्रारींनंतर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल माल विकताना 'विकत घ्या' किंवा 'खरेदी' हे शब्द वापरायचे असतील तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. जी फाइल कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला यातून सूट आहे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. कायदेमंडळाने खरेदीची कसोटीच सांगून टाकली. दुकान बंद झालं तरी वस्तू तुमच्याकडे राहते का? राहत असेल तर ती खरेदी.

आता एक घरातली गोष्ट. माझा मुलगा सहा वर्षं परदेशात होता. नात तिथेच जन्मली. तिच्यासाठी त्याने एका मंचावर चौदा सिनेमे विकत घेतले, बहुतेक मुलांचे ॲनिमेशनपट, त्यात दोन मराठी. मंचाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. त्या दोन मराठी सिनेमांची पारायणं करून नात 'इकडे ये ना रे' म्हणायला शिकली. आई-बाप दिवसभर कामावर, पाळणाघरात इंग्रजी. घराबाहेर मराठी कानावर पडण्याची दुसरी सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब भारतात परतलं. इथलं कार्ड चालावं म्हणून मुलाने खात्याचा देश बदलला. चौदापैकी नऊ सिनेमे यादीतून दिसेनासे झाले आणि ते दोन मराठी त्या नऊमध्ये होते. त्याने ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर सभ्य आलं: हे चित्रपट आपल्या प्रदेशात उपलब्ध नाहीत. म्हणजे मराठी सिनेमा, भारतात, मराठी माणसाला उपलब्ध नाही!

रागावून उपयोग नव्हता. कागदावर ते बरोबर होते. सिनेमाचे हक्क देशवार विकले जातात. त्या देशातल्या दुकानाकडे त्या देशापुरतेच हक्क होते. आपण घर बदलतो तेव्हा पुस्तकांची खोकी ट्रकमध्ये चढतात. हे कपाट मात्र तिथल्या भिंतीलाच खिळलेलं होतं.

अशा वेळी लोक विचारतात, 'मग कुलूप तोडून प्रत काढून ठेवली तर?' २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्यामुळे तो सल्ला मी देणार नाही. आणि जुना परवाना दुसऱ्याला विकायचा म्हणाल तर तेही दार बंद आहे. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी विकण्याचा प्रयत्न केला, २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो नाकारला. फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाते म्हणजे तिची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क तुमचा नाही, असा त्याचा आशय.

आता वर्गणीकडे वळू. वर्गणीबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिथे शब्द प्रामाणिक आहे. वर्गणी म्हणजे वाचनालय. पैसे भरा तोवर वाचा. वाचनालयाने कोणती पुस्तकं ठेवायची हे वाचनालय ठरवणार. फक्त त्या कपाटाला आपलं कपाट समजू नये. एचबीओच्या मालिका पाहणाऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे. ३१ मार्च २०२३ ला त्या हॉटस्टारवरून गेल्या. मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या, तिथे नवी वर्गणी भरा. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला हॉटस्टार आणि जिओसिनेमा हेच एक झाले. मालिका तीच, सोफा तोच, पाहणारा तोच, वर्गणी मात्र बदलत राहिली. आणि काही कलाकृती तर वर्गणी भरूनही मिळत नाहीत. डिस्नेने 'विलो' ही स्वतःची मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आणली आणि मे २०२३ मध्ये स्वतःच्याच मंचावरून काढून टाकली. तिची डिस्कही निघाली नव्हती. सहा महिन्यांत मालिका आली आणि गेली.

बरं, वर्गणीचा हिशोब करू. बँकेतला माणूस आहे, तो केल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या डिसेंबरात ॲमेझॉन प्राइम वर्षाला १,४९९ झालं. जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या, त्या नको असतील तर आणखी ६९९. नेटफ्लिक्सची बेसिक योजना महिन्याला १९९ धरली तर वर्षाचे २,३८८. बेरीज झाली ४,५८६ रुपये. प्राइममध्ये सामान घरपोच येण्याचा फायदा आहे तो बाजूला ठेवू. आता वर्षात तुम्ही किती सिनेमे पाहता? महिन्याला आठ पाहत असाल तर एक सिनेमा ४८ रुपयांना पडला. स्वस्त आहे, वर्गणी ठेवा. पण महिन्याला दोनच पाहत असाल तर एक सिनेमा १९१ रुपयांना पडतो. तेवढ्यात बहुतेक सिनेमे भाड्याने मिळतात, तेही हवे ते निवडून. माझ्या ओळखीत पुष्कळ घरं दुसऱ्या गटातली आहेत. ती वर्गणी भरतात आठ सिनेमांची आणि पाहतात दोन. उरलेला वेळ काय पाहावं हे शोधण्यात जातो.

एक उपाय सोपा आहे. सगळ्या वर्गण्या एकदम चालू ठेवू नका. एक घ्या, दोन महिन्यांत तिच्यातलं हवं ते पाहून घ्या, बंद करा, दुसरी घ्या. बँकेच्या बाजूने एक सोय आहे ती लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. त्यातच रद्द करण्याची वाट असते. आणि रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवलं असेल, तर केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला फसवी क्लृप्ती म्हटलं आहे, ग्राहक तक्रार करू शकतो.

तिसरा रस्ता भाड्याचा. मला स्वतःला हा सगळ्यात सरळ वाटतो. बहुतेक मंचांवर नियम असा, की पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सिनेमा सुरू करा आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवा. वेळ थोडा आहे, पण सांगून दिलेला आहे. जुन्या व्हीसीआरच्या रात्रीसारखंच हे. आमिर खानने 'सितारे जमीन पर' हा चित्रपट जून २०२५ मध्ये थिएटरात लावला आणि १ ऑगस्टपासून वर्गणीच्या मंचावर न देता यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने ठेवला. घरातली पाच माणसं बसली तर माणशी वीस रुपये. हा प्रयोग किती फायद्याचा ठरला तो त्यांचा हिशोब, पण रस्ता म्हणून तो महत्त्वाचा आहे. कारण भाड्याच्या व्यवहारात मंच आपला वाटा कापून घेतो आणि उरलेला निर्मात्याकडे जातो. तुम्ही कोणत्या सिनेमाला पैसे दिले हे स्पष्ट असतं. वर्गणीत तुमचे पैसे एका मोठ्या हौदात पडतात. त्यातून छोट्या मराठी सिनेमाच्या वाट्याला किती येतं हे तुमच्या हातात नसतं.

भाड्याने किंवा विकत घेताना एक तांत्रिक गोष्ट तपासा, ती दुकानात कुणी सांगत नाही. तुमच्या मोबाइलला वाइडवाइन नावाच्या सुरक्षा पद्धतीची एल-१ ही पातळी नसेल, एल-३ असेल, तर बरेच मंच तुम्हाला साधंच चित्र देतात. पैसे एचडीचे आणि चित्र जुन्या डीव्हीडीसारखं. फोनची ही पातळी दाखवणारी मोफत ॲप आहेत, दोन मिनिटांचं काम. आणि 'डाउनलोड' या शब्दालाही भुलू नका. ॲपमध्ये उतरवलेला सिनेमा त्या ॲपच्याच पेटीत कुलूपबंद असतो, ॲप गेलं की तोही गेला.

आता महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांसाठी थोडं वेगळं बोलायला हवं, कारण मी त्यांच्यातलाच आहे. पुण्यात नवा मराठी सिनेमा लागला तर जाऊन पाहता येतो. बडोदा, इंदूर, हैदराबाद, दिल्ली इथे मराठी सिनेमा लागला तर एखाद्या थिएटरात, एखादा आठवडा, दुपारचा एक खेळ. अनेक सिनेमे येतच नाहीत. नव्या मराठी सिनेमाची डिस्कही आता क्वचितच निघते. त्यामुळे आपल्यासाठी हा पडदा ही चैन नाही. नातवंडांच्या कानावर मराठी पडण्याची ती एक वाट आहे. मूल एखादा सिनेमा एकदा पाहून भाषा शिकत नाही. ते तोच सिनेमा तीस वेळा पाहतं, संवाद पाठ करतं, खेळताना वापरतं. तीस वेळा पाहायचा तर तो तिसाव्या वेळी जागेवर असायला हवा. इथे प्रश्न चारशे रुपयांचा राहत नाही.

मंडळांसाठी एक सूचना. आपल्या घरच्या खात्यावरचा सिनेमा मंडळाच्या सभागृहात लावू नका. वर्गणी असो, भाडं असो की 'खरेदी', परवाना घरगुती आहे. त्याऐवजी निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला सरळ पत्र लिहा. आमच्या मंडळाने दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा परवानगी मिळाली, मागितलेली रक्कम आम्हाला झेपणारी होती. एकदा तर खेळ संपल्यावर दिग्दर्शक व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलले. साठ माणसं होती. त्यांना आपला सिनेमा इतक्या लांब पाहिला जातोय याचा आनंद झाला, आम्हाला सिनेमा मिळाला, आणि पैसे थेट योग्य हातात गेले.

प्रती कुणाकडे असतात याला आणखी एक मोठी बाजू आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. आज त्याचा काही भागच शिल्लक आहे. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ मध्ये, तोवर पुष्कळ काही गेलं होतं. जे परत मिळालं ते बहुधा कुठेतरी, कुणाच्या तरी ताब्यात पडून राहिलं म्हणून मिळालं. १९१९ च्या 'बिल्वमंगल' या मूकपटाचा काही भाग फ्रान्समधल्या सिनेमाथेकमध्ये सापडला आणि त्याची प्रत २०१६ मध्ये पुण्याला आली. 'मेट्रोपोलिस' या प्रसिद्ध जर्मन मूकपटाचे कापले गेलेले प्रसंग २००८ मध्ये कुठे मिळावेत? अर्जेंटिनात, बुएनोस आयरेसच्या एका संग्रहालयात, आणि तिथे ती प्रत आली होती एका खासगी संग्रहातून. जगाने जे हरवलं ते एका माणसाच्या संग्रहामुळे वाचलं. आता विचार करा, जो सिनेमा फक्त एका मंचावर आहे आणि ज्याची प्रत एकाही घरात नाही, त्याचं पन्नास वर्षांनी काय? तो सापडण्यासाठी कुणाचा माळाच नसेल.

आणि वारसा. अॅपलने २०२१ च्या अखेरीस एक चांगली सोय आणली. आपल्या मागे आपलं खातं कुणी उघडावं त्याचं नाव आधी नोंदवून ठेवता येतं. त्या माणसाला फोटो मिळतात, संदेश मिळतात. पण विकत घेतलेले सिनेमे, गाणी आणि पुस्तकं त्याला मिळत नाहीत, हे अॅपलने स्पष्ट लिहिलं आहे. बँकेत आम्ही प्रत्येक ठेवीला वारस नोंदवून घ्यायचो, दोनशे रुपयांच्या खात्यालासुद्धा. इथे हजारो रुपयांच्या संग्रहाला वारस लावण्याची जागाच नाही.

मग करायचं काय? माझ्या घरात आम्ही जे ठरवलं ते सांगतो, तुम्ही आपल्या घराप्रमाणे बदला.

एकदाच पाहायचा सिनेमा भाड्याने घ्यायचा. भाडं आणि खरेदी यांच्या किमतींचा भागाकार करा. सुरुवातीच्या उदाहरणात १२० आणि ४९०, म्हणजे चार. तो सिनेमा चारपेक्षा जास्त वेळा पाहणार असाल तरच खरेदीचा विचार करा. भरपूर आणि सगळं थोडं थोडं पाहायचं असेल तर वर्गणी, पण एका वेळी एकच.

'विकत घ्या' दाबायचं असेल तर त्याला लांब मुदतीचं भाडं समजून दाबा. पाच-सात वर्षं चालला तर पैसे वसूल, असा हिशोब मनात ठेवा. मोठ्या, जुन्या, अनेक देशांत चालणाऱ्या दुकानातून घ्या. देश बदलण्याची शक्यता असेल तर शक्यतो घेऊच नका.

आणि घरात जे पाच-दहा सिनेमे पिढीला द्यावेसे वाटतात, त्यांची डिस्क मिळत असेल तर घ्या, जुनी मिळाली तरी घ्या. ती ओलसर कपाटात ठेवू नका, उभी ठेवा, वर्षातून एकदा लावून पाहा. चालू स्थितीतला प्लेअर भंगारवाल्याला देऊ नका. उद्या डिस्क असेल आणि लावायला यंत्र नसेल, हे व्हीएचएसच्या वेळी घराघरांत झालं आहे. परदेशातून मागवत असाल तर विभागाचा क्रमांक पाहा. आपल्याकडच्या डीव्हीडीचा विभाग ५ आहे आणि ब्लू-रेचा सी. चित्राच्या बाबतीतही तोटा नाही. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं म्हणतं, साध्या ब्लू-रेवरच्या चित्राला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते.

नातीचे ते दोन सिनेमे? एकाची जुनी डीव्हीडी दादरच्या एका दुकानातून मिळाली. दुसरा अजून मिळालेला नाही, शोध चालू आहे. तिला त्यातले संवाद पाठ आहेत, त्यामुळे सध्या ती तो आम्हाला करून दाखवते.

आज रात्री एवढंच करा. आपल्या खात्यातली 'माझे सिनेमे' ही यादी उघडा आणि प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारा. हे दुकान बंद झालं तर हा सिनेमा माझ्याकडे राहील का? मी गाव किंवा देश बदलला तर तो माझ्याबरोबर येईल का? माझ्यामागे तो कुणाला देता येईल का? तिन्हीची उत्तरं 'नाही' असतील तरी बिघडत नाही, खुशाल पाहा. फक्त त्याला भाडं म्हणा, आणि पैसे भाड्याएवढेच मोजा.